बाबा बदलीवर आले तेव्हा

लालबागच्या सगळ्या गिरण्या संपात बंद होत्या तेव्हा एक गिरणी मात्र जोरात चालू होती: आमची दहा बाय बाराची खोली. दोन पाळ्यांत चालायची, आणि तिच्यात कामगार एकच. मी.

त्याचं असं झालं. मी डिप्लोमाला होतो आणि आधीच्या सेमिस्टरला गणितात केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता. या सेमिस्टरच्या शेवटी तो सुटला नाही तर वर्ष जाणार. एरवी चार शिव्या खाऊन भागलं असतं. पण संपाला दहा महिने होत आलेले, आई खानावळीचे डबे करून घर ओढत होती. बाबांनी एकदाच सांगितलं, "ह्या खेपेक नापास झालंस तर पेटी भर. गावाक जाऊन काजी येच."

काजू वेचण्याला माझी ना नव्हती. पण गावात कॅरम कोण खेळणार?

कारण खरा घोळ तिथे होता. पूर्वी दिवसा चाळ बायकांची असायची. संपाने सगळे पुरुष गॅलरीत आणून बसवले. राबायची सवय असलेले हात, आणि काम नाही. मग सकाळपासून कॅरम. आणि नम्रपणे सांगतो, आमच्या चाळीत माझ्यासारखा स्ट्रायकर कुणाचा चालत नव्हता. शेजारचे काका, कताई खात्यातले, माझे जोडीदार. आम्ही दोघं परळच्या चाळीविरुद्ध फायनलला पोचलो होतो, आणि परीक्षा अंगावर आली होती.

परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि बाबांनी कारभार हातात घेतला. जन्मभर मुकादमाच्या हाताखाली साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेले बाबा स्वतःच मुकादम झाले. दारावर खडूने पाळ्या लिहिल्या. सात ते बारा पहिली, दोन ते सात दुसरी. रात्रीची तिसरी पाळी आईने एका नजरेत बंद पाडली. बाबांचा गिरणीचा पितळी बिल्ला मला मिळाला. मी खोलीत असलो की बिल्ला दारामागच्या खिळ्याला, बाहेर पडलो की बाबांच्या हातात. दाराशी बाबा स्वतः बसायचे.

"खंय चललंस?"

"नळावर."

"स्ट्रायकर घेवन?"

मी परत आत.

फायनल नेमकी रविवारी सकाळी ठरली आणि गणिताचा पेपर सोमवारी. काका रदबदली करायला आले. "अरे, पोराक दोन तास सोड. चाळीच्या अब्रूचो प्रश्न आसा."

"मी संप फोडूक नाय," बाबा म्हणाले, "आणि पाळी पण मोडूक देवचंय नाय."

मग माझ्या अंगात कुठून वकील संचारला कोण जाणे.

"बाबा, गिरणीत माणूस येणार नसला तर त्याच्या साच्यावर बदली यायचा ना?"

"येय."

"मग माझ्या जागी बदली चालेल?"

"कोण बसतलो?"

"तुम्ही."

अशी शांतता मी पुन्हा फक्त माझ्या लग्नात मुलीच्या आजोबांनी मला पगार विचारला तेव्हा अनुभवली. ती मोडली काकांनी. "आठ वर्सां बदलीत काढलंस ना? आता दोन तास काढूक काय जाता?"

गॅलरीभर हशा उसळला. बाबांनी हात धुतले, कामावर जाताना घालायचे तो सदरा अंगात चढवला आणि माझ्या चटईवर जाऊन बसले. "जा. पण साचो बंद पडाचो नाय," म्हणाले, आणि माझी वही उघडली. चौथी शिकलेला माणूस. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

फायनलचं काय सांगू! शेवटचा बोर्ड, दोन्हीकडे एकेक सोंगटी, राणी मधोमध. परळवाला म्हणतो, "काय रे, बापाला कोंडून आलास काय?" मी राणी घेतली, लागलीच कव्हर घेतलं आणि मग त्याच्याकडे बघून पावडर फुंकली. कप चहाच्या कपापेक्षा मोठा नव्हता, पण काकांनी तो डोक्यावर घेऊन मला आमच्या गॅलरीत आणलं, तेव्हा बायका ताटं बडवत होत्या.

खोलीत शिरलो. बाबांनी मान वर केली नाही. एका गुडघ्यावर पुस्तक, दुसऱ्यावर माझी वही, दोन्हीवर एकेक बोट.

"हयसर ये. ह्या वाकड्या रेघा दिसतत?" ते कंस दाखवत होते. "पुस्तकात रेघांच्या बाहेर वजा असलो की आतली सगळी चिन्हां फिरतत. तू पयला फिरवतंस, बाकीची तशीच ठेवतंस. सगळ्या वहीत ताच. धागो तुटलो तरी साचो चालूच ठेवलंस रे!"

मी बघितलं. पान उलटलं, बघितलं. खरंच होतं. मास्तरांनी प्रत्येक उत्तरावर लाल फुली मारली होती, पण धागा कुठे तुटतो ते कुणी दाखवलं नव्हतं. चौकड्याच्या कापडात एक चुकलेला धागा लांबून ओळखणाऱ्या माणसाने ते दोन तासांत, एक अक्षर न समजता, काढलं.

त्या दुपारी मी गणितं सोडवली आणि बाबा शेजारी बसले. कंस आला की बोटाने जमिनीवर टक् करायचे. सोमवारी पेपरात प्रत्येक कंसापाशी मला ते टक् ऐकू आलं. ऐकू आलं की थांबायचो, सगळी चिन्हं फिरवायचो, पुढे जायचो.

निकाल लागला त्या दिवशी कॉलेजपासून लालबागपर्यंत मी पळत आलो आणि जिन्यातूनच ओरडलो, "सुटली!" गॅलरीने माझं नाव घेऊन असा कल्ला केला की खालचा इराणी बाहेर आला. काका नाचले, आईने डब्यांचा रस्सा गॅसवर तसाच सोडला. बाबा बिल्ला हातात घेऊन दारात उभे होते.

"एक तरी कंस चुकलो?"

"एकही नाही."

"मगे ठीक," म्हणाले, आणि घाईघाईने आत जाऊन हात धुवायला लागले. हात स्वच्छच होते.

बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. पुढे ते माहीमला एका इमारतीत वॉचमन झाले. पण माझ्या प्रत्येक सेमिस्टरअखेरीच्या रविवारी तोच सदरा घालून चटईवर बसायचे, आणि मी सकाळी खुशाल कॅरम खेळून यायचो. डिप्लोमा संपेपर्यंत दुसरी केटी लागली नाही. लागेल कशी? माझ्या साच्यावरच्या बदलीला मी केव्हाच कायम केलं होतं.