कुणाकडून कळलं?

शफी सरांना एका फॉरवर्डने मारलं, असं आज लिहायला बसलो होतो.

लिहून खोडलं. सर म्हणाले असते, "कुणाकडून कळलं तुला? डॉक्टरांकडून?"

कर्जतच्या आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे. सगळी नोकरी एका हट्टात काढली. बीएला एक पेपर हवा, जुन्या मुसलमान विद्वानांनी ज्ञानाचा विचार कसा केला त्याचा.

"धर्म नाही रे शिकवायचा. चाळण शिकवायचीय."

चाळण अशी. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी? तो स्वतः तिथे होता का? माणूस खोटारडा तर नाही? मधली एक कडी निसटली, तरी ती गोष्ट पुढे सांगायची नाही.

शेवटी पेपर सुरू झाला. मी पहिल्या बॅचचा.

आणि मेसेज फिरला. 'कॉलेजात पोरांना मुसलमान करतायत.'

कळंबला माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या फोनवरही आला.

"काय रं, तुज्या सरांचं ह्ये काय?"

"कुणी पाठवलं?"

"ग्रुपवर आलंय. सगळीच बोलतात."

सर चिडले नाहीत. म्हणाले, "चल, साखळी शोधू." माझ्या बाइकवर मागे बसून एकेकाच्या दारात गेले. कळंब, नेरळ, चौक, शेवटी कुंभिवलीचं एक गॅरेज. जो तो सरांना चहा पाजायचा आणि पुढचं नाव सांगायचा.

गॅरेजवाला ओशाळला. "आमी तुमचं कॉलेज बगितलं पन नाय सर. कोनी टाकलं, काय म्हाईत."

"तुटली," सर म्हणाले. "घरी सोड मला."

कॉलेजने नेमलेल्या चौकशी समितीने सरांना नाही नाही ते विचारलं. मेसेज कुणाचा, एवढंच विचारलं नाही. पेपर बंद. त्यानंतर सर वर्गात कधी हसले नाहीत.

मला अजून संताप येतो. गॅरेजवाल्याचा नाही, सरांना ओळखूनही मेसेज पुढे ढकलणाऱ्या त्या चहा पाजणाऱ्यांचा.

आज दुपारी दादांचा फोन आला. ग्रुपवर आलं होतं, शफी सर गेले.

"खरं हाय का रं? तुला कोनी सांगितलं?"

दादांनी हे आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"कुणी नाही, दादा. मी तिथंच होतो. त्यांचा हात माझ्या हातात होता."



"मंग खरं हाय," दादा म्हणाले, आणि रडायला लागले.

सर, कळंबात एक जण तुमच्या पेपरात पास झाला. तुम्हाला कळवायचं राहिलं.

शेवटचा सलाम.