विचारूनरावांची भिंत

आमच्या चौकात पेंटरचं दुकान होतं. ‘आत येऊ नये’, ‘येथे गाडी लावू नये’, ‘विनाकारण बसू नये’; गावात जेवढं म्हणून ‘नये’ होतं ते सगळं ह्याच्याच हातचं. सरकारनं नवा नियम काढला की पेंटरच्या घरी गोडधोड. असा हा माणूस एक दिवस चहाच्या दुकानात येऊन म्हणाला, मी देशाच्या संसदेला उभा राहतोय. कशासाठी? तर हे ‘नये’ कमी करायला. आम्ही त्याला कप खाली ठेवू दिला आणि मग पोटभर हसलो.

जन्मभर मनाई रंगवून डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. माझ्या मते तेव्हाच ते जागेवर आलं होतं. त्याला थेट घटनाच दुरुस्त करायची होती. प्रत्येक कायद्याला दहा वर्षांची मुदत. ती संपली की संसदेनं तो अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायचा आणि पुन्हा मंजूर करायचा, नाहीतर कायदा रद्द. एका पाटीवर मावणार नाही असा कायदा करायचाच नाही. आणि त्याचं लाडकं कलम म्हणजे, मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या घरादाराला, वस्तूला सरकारनं हात लावायचा नाही. मी म्हटलं, पाटी किती फुटांची? म्हणाला, ते संसदेत ठरेल.

बाकीच्या पक्षांची माणसं दिसेल ती भिंत रंगवून मोकळी होत. हा पठ्ठ्या मात्र दारोदार जाऊन परवानगी मागायचा. मालकानं भाडेकरूकडे बोट दाखवलं की भाडेकरूकडे. एका आजींनी त्याला बसवून घेतलं, नातवंडांचे फोटो दाखवले, पंख्याला तेल घालून घेतलं आणि नाही म्हणाल्या. तेव्हापासून त्याचं नाव पडलं विचारूनराव. अशानं प्रचार संपत आला तरी पदरात दोनच भिंती: लॉन्ड्रीवाल्याची मागची आणि दाताच्या डॉक्टरच्या गॅरेजची. दोन्हीकडे माणूस वाट चुकला तरच जाणार.

पण गावातली सगळ्यात मोक्याची भिंत त्यानं शेवटाला राखून ठेवली होती. ती त्याच्या स्वतःच्या घराची, बरोबर चौकावर. ती रंगली की सगळा गाव जाता-येता त्याची कलमं वाचणार होता. एका सकाळी त्यानं शिडी लावली, दोरीनं रेघ मारली आणि पहिलं अक्षर काढलं.

खाली त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, शिवणक्लास चालायचा. मशीनं एकदम थांबली. वहिनी गळ्यात टेप घेऊनच बाहेर आल्या.

“ही भिंत कुणाची?”

“आपलीच की,” पेंटर वरूनच म्हणाला.

“माझ्या वडिलांनी घर कुणाच्या नावावर केलंय?”

“तुझ्या.”

“लॉन्ड्रीवाल्याला दोनदा विचारलंत. त्या दाताच्या डॉक्टरला विचारलंत. मला कधी विचारलंत?”

दुसरा कुणी असता तर बायकोवर खेकसला असता. ह्याच्या कुंचल्यातून रंग टपटप गळत होता आणि हा शिडीवरच हिशेब मांडत होता. भिंत गेली तर निवडणूक गेली. तशीच रेटून रंगवली तर ते लाडकं कलमच गेलं. तो खाली उतरला, अक्षर पुसलं आणि कुंचला धुऊन ठेवला.

संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्यानं स्वतःच्याच घराची बेल वाजवली. आम्ही चहावाल्याकडे खुर्च्या वळवून बसलो होतो. असा खेळ फुकटात कुठे मिळतो? वहिनींनी त्याला क्लासच्या बाकावर बसवलं आणि एकेक कलम समजावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. आमचे तीन-तीन चहा झाले. शेवटी त्यांनी विचारलं, “परवानगी दिली तर ती कधीपर्यंत?”

“तू म्हणशील तोवर.”

“छे. तुमच्याच कलमाप्रमाणे, दहा वर्षं. मग पुन्हा विचारायचं.”

भिंत प्रचार संपायच्या दिवशी पूर्ण झाली. पेंटर इतका सपाटून पडला की त्याला मतं कुणी कुणी दिली हे आम्ही बसल्या बसल्या ओळखलं. वहिनींचं तेवढं कळलं नाही. त्यानं घरी विचारलं तर म्हणाल्या, गुप्त मतदानाची मुदत अजून संपलेली नाही.

दहा वर्षांनी पेंटर चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढलेला दिसला. मुदत संपली होती आणि गडी शब्दाचा पक्का. पहिला हात मारणार, तोच मशीनं थांबली.

“ही भिंत कुणाची?”

पेंटरनं वरच कपाळावर हात मारला. पुसायचं, तरी विचारून पुसायचं! वहिनींनी पुसू तर दिलं नाहीच, उलट अक्षरं पुन्हा ठळक करायला लावली. तोवर त्याचा हात थरथरू लागला होता. म्हणून वहिनी शिडीवर चढल्या आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं अक्षरांच्या कडा आखून दिल्या. तो आत रंग भरत गेला. त्या दिवशी आम्ही कुणीच चेष्टा केली नाही.

आता पेंटर नाही. चौकात फ्लेक्स लागतात, कुणाला विचारून कोण जाणे. परवा कुठल्याशा उमेदवाराचे कार्यकर्ते त्या भिंतीपाशी पोस्टर आणि खळ घेऊन आले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातला एक जण भिंतीवरची पुसट अक्षरं वाचत उभा राहिला. वाचून झाल्यावर त्यानं खळीची बादली खाली ठेवली.

“काकू, लावू का इथे?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि सगळ्यांना चहाला आत बोलावलं.