भावोजींनी सुधारलेली गाडी

जगातली कुठलीही वस्तू जशी बनून आली तशीच वापरणं हे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना शुद्ध आळशीपणाचं लक्षण वाटत असे. आम्ही त्यांना भावोजी म्हणायचो. नवी छत्री आणली की पावसात नेण्याआधी ते तिची मूठ बदलत. लग्नात मिळालेल्या मनगटी घड्याळाची त्यांनी एवढी सुधारणा केली होती की पुढे ते फक्त आडवं असतानाच चाले. त्यामुळे कुणी वेळ विचारली की भावोजी हात सरळ लांब करून थोडं थांबत आणि मग सांगत. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. परळच्या एका गिरणीत ते भांडाराचे कारकून होते. यंत्रविद्येचं शिक्षण म्हणाल, तर मॅट्रिकला त्यांना संस्कृतात उत्तम गुण होते.

अशा माणसाच्या हाती मोटार पडू नये. पण गिरणीतला एक विलायती साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि त्याची जुनी मोटार कुणीच घेईना, तेव्हा ती भावोजींनी चिंचपोकळीला आपल्या चाळीसमोर आणून उभी केली. युद्धाच्या आधीची, दोन आसनांची, टप नसलेली, लांबलचक नाकाची ती शर्यतीची गाडी होती. नवी असताना म्हणे वाऱ्यासारखी पळायची. भावोजींकडे आली तेव्हा तिच्यात वारा होता तो फक्त चाकांत, आणि तोही तिनांतच. चाळीतली झाडून सगळी मंडळी बघायला उतरली. भावोजींच्या आई मालवणकडच्या. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "अरे झिला, हिका टप नाय, मागे बसाक जागा नाय. मगे हाडलंस कित्याक?"

"कशाला आणली म्हणजे? आई, ही वेगाची गाडी आहे," भावोजी म्हणाले.

"खंय जावचा हा तुका इतक्या वेगान? गिरण तर हंयच समोर आसा."

भावोजी गाडीच्या नाकात डोकं घालून वाकले. त्यांच्या हातात पाना होता, आणि हातात पाना असला की त्यांना ऐकू येत नसे.

वेग वाढवायचा तर वजन कमी केलं पाहिजे, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. म्हणून आधी दारं काढली. दारं गेल्यामुळे आत बसणं सोपं झालं आणि बाहेर पडणंही. वळणावर तर ते आपोआपच होई. मग समोरची काच काढली. डोळ्यांत धूळ जायला लागली तेव्हा लोखंड जोडणाऱ्या कारागिराचा काळा चष्मा भावोजींनी लावला. त्या चष्म्यातून सूर्याखेरीज फारसं काही दिसत नसे, पण सूर्य फार स्पष्ट दिसतो असं ते सांगत. पुढे एका रविवारी त्यांनी गिअरबॉक्स उघडली. संध्याकाळी ती बंद केली तेव्हा दोन दातेरी चाकं बाहेरच उरली होती.

"ही कुठली?" मी विचारलं.

"कंपनीनं जादा घातलेली दिसतात," भावोजी म्हणाले, आणि वजन आणखी कमी झाल्याच्या आनंदात चहा प्यायले.

सोमवारी कळलं की गाडी मागे जाईनाशी झाली आहे. भावोजींना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. "माणूस घराबाहेर पडतो तो पुढे जायला," ते म्हणाले. "मागे जायचं असतं तर घरीच बसला असता." गल्ली पुढे बंद निघाली की ते उतरत आणि ओट्यावर बसलेल्या मंडळींना हात जोडून म्हणत, "जरा हात लावता का?" वजन इतकं कमी झालेलं होतं की चार माणसं ती गाडी पालखीसारखी उचलून, तोंड फिरवून, पुन्हा रस्त्यावर ठेवीत. लालबागला एकदा एका आजीबाईंनी तिच्यावर दोन फुलंही वाहिली होती.

वजन पुरेसं कमी झाल्यावर भावोजींनी ते वाढवायला घेतलं. गाडी फार तापे. भायखळ्यापर्यंत गेली तरी नाकातून वाफा यायच्या. एके दिवशी सकाळी ताई आंघोळीचं पाणी तापवायला गेली, तर मोरीतला तांब्याचा बंब जागेवर नाही. तो गाडीत शेजारच्या आसनामागे नळ्या लावून बसवलेला सापडला.

"अहो, बंब तिथं काय करतोय?"

"इंजिन थंड करतोय."

"आजवर तो पाणी गरम करायचा."

"आताही करतो. मी लालबागपर्यंत एक चक्कर मारून येतो, तू बादली आणून ठेव."

आणि खरोखरच पाणी कढत आलं. तेव्हापासून त्या घरातल्या आंघोळी गाडीवर अवलंबून राहिल्या. पाहुणे आले की भावोजींना दादरपर्यंत जावं लागे. "लोकांचे नवरे लाकडं फोडतात," ताई आमच्या आईला सांगे, "माझे पेट्रोल जाळतात."

त्यानंतरच्या सुधारणा मी थोडक्यात सांगतो. शेजारच्या आसनाची स्प्रिंग गेली म्हणून तिथं गिरगावातल्या एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची आली. दट्ट्या ओढला की ती वर जाई आणि खड्ड्याखड्ड्याला थोडी थोडी खाली बसे. तीत बसून निघालेला माणूस वाटेत हळूहळू दिसेनासा होई. मूळ हॉर्न भावोजींना केविलवाणा वाटला, म्हणून चोरबाजारातून त्यांनी युद्धातला, हवाई हल्ल्याची सूचना देणारा, हातानं फिरवायचा भोंगा आणला. एका सकाळी उजाडण्याआधी त्यांनी तो चाळीसमोर फिरवून पाहिला. गिरणीचा भोंगा झाला असं समजून आजूबाजूच्या चाळींतले कामगार डबे घेऊन धावत फाटकावर गेले आणि बंद फाटक बघून, धावतच, भावोजींना शोधत आले. "आवाज लांबवर पोचतो एवढं तरी कळलं," भावोजी आतून कडी लावून म्हणाले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते, आणि माझं लग्न नेमकं त्यांत आलं. मुलगी दादरची. तिचे वडील एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. अत्यंत शिस्तीचे. साखरपुड्याला भावोजी गाडी घेऊन आले तेव्हा तिच्याकडे बराच वेळ पाहून हेडमास्तर एवढंच म्हणाले होते, "लग्नाला हिला आणू नका." मुहूर्त हंगामातला शेवटचा होता. तो हुकला तर एकदम तुळशीचं लग्न झाल्यावरच. आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नेमका लग्नाच्याच दिवसाचा हरताळ जाहीर झाला. ट्राम, बस, टॅक्सी, सगळं बंद. माझे वडील स्वतः सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. ते म्हणाले, "हरताळ मोडून लग्नं करायची नाहीत. पहाटे निघू, चालत जाऊ." आमचं सगळं गोत गिरगावातून डोक्यावर पेट्या, हातात आहेराची ताटं घेऊन चालत निघालं. मी तेवढा मागे राहिलो, कारण दोनच दिवसांपूर्वी मी भावोजींच्या गाडीतून एका वळणावर आपोआप बाहेर पडलो होतो आणि माझा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता.

"तुला मी पाडलं, तुला मीच पोचवणार," भावोजी म्हणाले.

"पण हरताळ आहे."

"हरताळ वाहनांचा आहे. हिला वाहन कोण म्हणतं? तुझी बहीण तर बंब म्हणते."

नवरदेवाच्या पोशाखात, मुंडावळ्या बांधून मी सलूनच्या खुर्चीत बसलो. भावोजींनी मला दट्ट्या ओढून पार वर चढवलं आणि आम्ही निघालो. गिरगाव, भायखळा, सगळी दुकानं बंद, रस्ते मोकळे. लोक गॅलऱ्यांतून बघत होते. मी खड्ड्यागणिक खाली चाललो होतो. लालबागला वळलो आणि समोरून रस्ता भरून मोर्चा आला. मागे जायची सोय नव्हतीच. चारपाच स्वयंसेवक हात आडवे करून उभे राहिले. दिवस तापलेले होते. गोळीबारात माणसं गेली होती. रस्त्यात गाडी दिसल्यावर लोकांचा संताप होणं साहजिकच होतं. मला घाम फुटला. पाठीमागचा बंबही उकळत होता.

सगळ्यांत पुढचा एक दांडगा कामगार जवळ आला. "हरताळ ठाऊक नाय काय?" भावोजींनी काळा चष्मा वर केला, आणि त्या माणसाचे डोळे बारीक झाले. "थांब. तू तो भोंगेवाला ना? दुसरी पाळी करून मध्यरात्री आडवा झालो होतो मी त्या दिवशी. डबा घेऊन फाटकापर्यंत पळवलंस."

"चूक झाली माझी," भावोजी अगदी नम्रपणे म्हणाले. "तुम्ही मला काय करायचं ते उद्या करा. पण आज या मुलाचं लग्न आहे, आणि मुहूर्त चुकला तर पोरगी चार महिने ताटकळेल."

"कुठल्या मुलाचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुर्ची तळाला गेली आहे आणि मी कुणालाच दिसत नाही. मी खालून हात वर केला. मग मुंडावळ्या वर आल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू मागे मागे पसरत गेलं. पण तो दांडगा हसला नाही. तो विचार करत उभा होता. तेवढ्यात इंजिन दोनदा उचकी देऊन बंद पडलं.

"आता ही चालणार नाही," भावोजी म्हणाले. गाडी बिघडली असताना त्यांचा चेहरा पडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. "चूक माझी आहे रे," ते मला म्हणाले. "जशी होती तशी ठेवली असती तर पोचलो असतो."

दांडग्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "बंद पडली ना? मग हरताळ मोडला नाय. पेट्रोलवर चालली तर गाडी. माणसांनी ढकलली तर कसली गाडी? चला रे, हात लावा."

मोर्चा कुठं चालला होता मला माहीत नाही, पण त्याचं तोंड दादरकडे फिरलं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशा घोषणा देत परळमार्गे माझी वरात निघाली. भोंगा दांडग्यानं स्वतःच मागून घेतला आणि वाटभर फिरवला. कार्यालयाच्या दारात भावी सासरे घड्याळ हातात धरून उभे होते. शंभर माणसांचा स्वयंपाक सांगितलेल्या त्या गृहस्थांनी समोर हजारएक माणसं पाहिली. मी तेव्हा परत तळाला गेलेलो होतो. माझी बायको आजही सांगते, "खिडकीतून पाहिलं तर गाडी आली, माणसं आली, नवराच नाही."

मंडळींनी मला उचलून आत नेलं आणि आल्या वाटेनं ती परत गेली. दांडगा मात्र थांबला. सासऱ्यांनी पुढे त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं. नवऱ्याचे पाय धुवायला पाणी मागितलं तेव्हा भावोजी कुणाला न विचारता बंबाच्या नळाखाली तांब्या धरून आले. सासऱ्यांनी त्या तांबूस पाण्याकडे पाहिलं, माझ्या घोट्याकडे पाहिलं आणि धार धरली. तो शेक इतका बरा वाटला की मी डोळेच मिटले. "पाणी चांगलं कढत आहे," हेडमास्तर म्हणाले. त्या गाडीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा एकुलता एक चांगला शब्द. माझे पाय मात्र सत्यनारायणापर्यंत गंजाच्या रंगाचे होते.

पुढे राज्य झालं. ट्रामही हळूहळू कमी होत गेल्या. भावोजी सुधारणा करीतच राहिले आणि गाडीचं अंग गंजून झडत राहिलं. एके दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर तिचा सांगाडा मधोमध मोडला. इंजिन तेवढं शाबूत निघालं. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतल्या एका कोळ्याला होडीसाठी इंजिन हवं होतं. भावोजींनी ते देऊन टाकलं, आणि स्वतः तिथं जाऊन, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली बसून, होडीत बसवूनही दिलं. इंजिन ज्या दिवशी समुद्रात गेलं, त्या दिवशी घरी येऊन भावोजी जेवले नाहीत, असं ताई म्हणाली.

निवृत्तीनंतर दोघं रविवारी संध्याकाळी तिकडे जाऊन बसत. मी एकदा बरोबर गेलो होतो. भावोजींना तोवर ऐकू फार कमी येत असे. हात रिकामे असले तरी. होड्या परतत होत्या. मला सगळ्यांची फटफट सारखीच वाटत होती. ताई शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करताच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "आली हो."

"आवाज कसा आहे?" भावोजींनी विचारलं.

ताईनं शेंग हातातच ठेवली आणि थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

"जरा खोकतेय."

"हवा जास्त घेत असेल," भावोजी म्हणाले, आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत समुद्राकडे बघत राहिले.