टणक टायर

सायकलच्या टायरात हवा किती भरायची, यावरून माझं आणि माझ्या सासऱ्यांचं अकरा वर्षं वाजत होतं. बाहेरच्याला हसू येईल. पण एका छपराखाली राहायचं, एका पंगतीला जेवायचं, आणि दिवसभर एकाच दुकानात एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसायचं, म्हटल्यावर भांडायला माणसाला काहीतरी लागतंच. आम्हाला हवा मिळाली.

मी घरजावई. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, सासऱ्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लेक एकुलती एक, म्हणून जावई इथंच राहील हे लग्नातच ठरलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, कारण तेव्हा मला सायकलीचं वेड होतं आणि अक्कल नव्हती. शाळा तिसरीतच सुटली होती.

दुकानाच्या मागेच घर. सकाळी फळ्या काढायच्या, संध्याकाळी फळ्या लावायच्या, आणि दोन्हींच्या मधे जेवायला आत जायचं. नदीपलीकडे शहरात जायचं तरी सासऱ्यांना सांगून. गिऱ्हाइकं मला 'आबांचा जावई' म्हणत. सासऱ्यांना सगळं देवपूर आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. माझ्या नावानं हाक मारणारा एक माणूस त्या गल्लीत नव्हता. बायकोही नाव घेणार नाही, ती रीतच. आत तिची गत माझ्यासारखीच. स्वयंपाक आईच्या हाताखाली, मीठसुद्धा आईच टाकणार. ती एकदा मला म्हणाली होती, "स्वतःनी चूल पाहिजे माले, मंग खारट व्हवो नाही ते अळणी व्हवो."

आता हवेचं सांगतो. हवा मोजायचं घड्याळ आमच्याकडे नव्हतं, कोणाकडेच नव्हतं, सगळं अंगठ्यावर. आबा आधी टायरकडे बघायचेच नाहीत, माणसाकडे बघायचे. दूधवाला आला की मागच्या टायरला जास्त, पुढच्याला कमी. मास्तर आले तर दोन्हींना बेताची, कारण मास्तर म्हणजे हाडं आणि छत्री. खेड्यावर कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्याला अजून कमी. उन्हाळ्यात सगळ्यांनाच थोडी कमी. पंपाचे दट्टे मारता मारता मधेच थांबायचे, अंगठा दाबायचे आणि म्हणायचे, "बस."

गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही. आमच्याकडे लोक टायरवर टिचकी मारून बघत. टण्ण वाजलं तर हवा भरली, नाही वाजलं तर दुकानदारानं फसवलं. मी टण्ण वाजेपर्यंत भरायचो. माझं म्हणणं साधं होतं, टायर दगडासारखा असला की काटा आत शिरत नाही आणि सायकल पळते. लोक माझ्याकडे रांग लावत, आबांकडे जात नसत. मला त्याचा अभिमान होता. आबा एवढंच म्हणायचे, "पाव्हना, गाडी टायरवर चालस, टिचकीवर नही." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

मग मोठी लढाई सुरू झाली आणि बाजारातून रबर गेलं. नवा टायर म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे ओळख. लोक टायरला आतून चामडं लावून, बाहेरून सुतळी गुंडाळून दिवस काढत. त्याच दिवसांत जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचा लॉरी ड्रायव्हर दुकानात आला. त्यांच्या मुनिमाला सायकलवाला माणूस हवा होता. मुंबईहून कपाशीचा भाव तारेनं आला की चिठ्ठी घेऊन बाजारात, गाठी बांधायच्या प्रेसवर, आसपासच्या गावांत धावायचं. सायकल स्वतःची हवी. राहायला फॅक्टरीच्या चाळीत दोन खोल्या.

दोन खोल्या! मी ड्रायव्हरला पुन्हा विचारलं, खोल्यांना चूल वेगळी ना? तो हसला. "चूल वेगळी, दारही वेगळं. पण मुनीम म्हणतो, धुळ्याहून सायकलवर येऊन दाखव. सोमवारी तीनच्या आत. त्यानंतर दुसऱ्याला घेणार."

आबांना सांगितलं तेव्हा ते हातातलं चाक फिरवून बघत राहिले. सासू रडली. बायको रडली नाही, आणि ते आईला दिसू नये म्हणून पाणी आणायला गेली.

सोमवारी पहाटे मी सायकल बाहेर काढली. माझ्या सायकलला लढाईआधीचे दोन चांगले टायर होते, जपून ठेवलेले. मी पंप लावला आणि भरत गेलो. आबा ओट्यावर बसून बघत होते.

"पाव्हना, खडीना रस्ता शे. चैतनं ऊन शे. मांगली हवा थोडी काढा."

"राहू द्या आबा. काटा लागेल."

"काटा लागना ते पंक्चर व्हई. टायर फुटना ते नवा कथाईन आणशात?"

ते बरोबर बोलत होते हे मला तेव्हाही कळत होतं, हे आज लिहून टाकतो. पण अकरा वर्षांनी त्या घरातून निघतोय, आणि निघता निघता त्यांचं ऐकायचं? मी त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी आठ-दहा दट्टे मारले आणि निघालो.

पारोळ्यापर्यंत रस्ता म्हणजे नुसती खडी. टणक टायर दगडावर बसत नाही, उडतो. प्रत्येक खडा हँडलमधून मनगटात, मनगटातून दातांत. माझी सायकल पळत नव्हती, नाचत होती, आणि नाचवायचा सगळा जोर माझ्या पायांतून जात होता. पारोळ्याला चहाला उतरलो तेव्हा कपबशी हातात धरवेना. चहावाला म्हणाला, "भाऊ, हात कसाले कापी राहिनात? जुलाब व्हयनात का?" बाकड्यावरचे दोघे हसले. मी म्हटलं, "तू चहाकडे बघ."

सायकल उन्हात भिंतीला टेकून उभी होती. मी बोट मागच्या टायरच्या व्हॉल्व्हवर ठेवलं. नट थोडा सैल केला असता, फुस्स झालं असतं, काम झालं असतं. तिथं आबा नव्हते, कोणी ओळखीचं नव्हतं, कोणाला कळलं नसतं. पण मला कळलं असतं. मी बोट काढून घेतलं.

एरंडोलच्या अलीकडे, ऊन चढलेलं असताना, मागचा टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि बाजूच्या शेतातले बैल उधळले. मी खाली, सायकल माझ्यावर. उठून बघितलं तर टायर बाजूनं अंगठाभर फाटलेला, ट्यूब त्यातून बाहेर आलेली.

सावली म्हणून एक बाभूळ. तिच्याखाली बसून ट्यूबला ठिगळ लावलं. पण फाटलेल्या टायरला आतून काहीतरी लावल्याशिवाय ट्यूब पुन्हा बाहेर येणार. माझ्याकडे चामडं नव्हतं. वहाणा होत्या. एका वहाणेचा तळ कापून तो तुकडा आत बसवला, आणि बेताबेतानं हवा भरली. अंगठा दाबला तर बऱ्यापैकी दबत होता. त्याहून जास्त भरायची हिंमत नव्हती.

एका पायात वहाण, एक पाय उघडा, असा मी निघालो. आणि सायकल चालायला लागली. नाचणं थांबलं. टायर दगडाला थोडा दबून पुढं जात होता, मनगटाला हादरा नाही, पायातला जोर सरळ चाकात उतरत होता. सकाळी तासाला जेवढं गेलो त्याहून जास्त जात होतो, भर उन्हात, फाटक्या टायरवर. आजकाल कोणी लांब जाणारा विचारतो तेव्हा सांगतो, आधी स्वतःचं वजन बघ, ओझं बघ, मग रस्ता, मग ऊन, आणि सगळ्यात शेवटी टिचकी. कोणाकडून शिकलो ते सांगत नाही.

जळगावात तीनला पाव तास असताना फॅक्टरीच्या फाटकात शिरलो. मला वाटलं झालं, सुटलो.

मुनीम बाहेर आला. जाडजूड, शांत माणूस. सोबत तोलार होता, कपाशी तोलणारा. मुनिमानं माझ्याकडे बघितलं, उघड्या पायाकडे बघितलं, मग सायकलीपाशी येऊन मागच्या टायरवर टिचकी मारली. टण्ण वाजलं नाही.

"हवा नाही की यात."

"आहे. लागते तेवढीच आहे."

तोलार म्हणाला, "हा धुळ्याचा मेकॅनिक! पायात वहाण नाही, टायरात हवा नाही."

"दुकानात काय करतोस तू?" मुनिमानं विचारलं.

"हवाच भरतो," तोलार म्हणाला, आणि दोघे हसले.

मुनीम वाईट माणूस नव्हता. त्यानं आतून पंप मागवला. "भर नीट. माझा माणूस बाजारात मऊ टायरवर फिरला तर लोक पेढीला हसतील. भर आणि उद्यापासून लाग कामाला."

मी पंप लावला. फाटलेली बाजू मी भिंतीकडे केली होती. चार दट्टे मारले, आणि वहाणेचा तुकडा जिथं होता तिथं टायरला गळवासारखा फुगवटा आला. आणखी चार मारले असते तर तिथंच, त्यांच्यापुढं, फुटला असता.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की साहेब, वाटेत फुटला, मी हवा जास्त भरली होती, चूक माझी, दुसरा टायर मिळेपर्यंत सांभाळून घ्या. एवढी वाक्यं. ती माझ्या तोंडून निघाली नाहीत. अकरा वर्षं टण्ण वाजवणारा मी, आणि जास्त हवेनं टायर फाडला हे तोलारापुढं सांगायचं! मी पंप काढून जमिनीवर ठेवला.

"सायकल माझी आहे," मी म्हटलं. "हवा किती भरायची ते मला कोणी शिकवायचं नाही."

मुनिमाला वाटलं असावं मी पुढं काही बोलेन. मग म्हणाला, "बरं. मग तुझी सायकल घेऊन जा."

रात्र धर्मशाळेत काढली आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो. वाटेत कितीदा वाटलं, मागं फिरावं, खरं सांगावं. प्रत्येक मैलाला वाटलं. फाटकाच्या आत तोलार उभा असेल हे डोळ्यांपुढं यायचं आणि पाय पायडल मारतच राहायचे.

देवपुरात पोचलो तेव्हा आबा एका गिऱ्हाइकाची चेन बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "उनात का परत, पाव्हना? हात-पाय धुई ल्या. जेवण तयार शे." टायरचं विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही. त्यांनी चार टोमणे मारले असते तर मी भांडून पुन्हा कुठंतरी निघून गेलो असतो. ते तेवढं जेवायला बोलावणंच मला दारातून आत घेऊन गेलं.

बायको मागच्या खोलीत होती. मी नव्हतो त्या दोन दिवसांत तिनं आईला न सांगता गाठोडं बांधलं होतं. एक तवा, दोन पातेली, परात, आणि तिखटाचं लहानसं मडकं.

"कधी निघनं शे?" तिनं विचारलं.

तिला मी सगळं खरं सांगितलं. बाभूळ, वहाण, मुनीम, फुगवटा, सगळं. आयुष्यात हे तेवढं एकदाच बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग भरी टाकनी व्हती ना हवा. फुटना ते फुटना."

खरंच, फुटला असता तर काय झालं असतं? मुनीम आणि तोलार हसले असते. आवाज ऐकून चार माणसं जमली असती, कोणीतरी म्हणालं असतं, लढाईचे दिवस आहेत, सगळ्यांचेच टायर असे. मुनिमाला दिसलं असतं की माणूस फाटक्या टायरवर वेळेच्या आत आला. हे मला बाभळीखाली सुचलं नाही, फाटकात सुचलं नाही, त्या साठ मैलांत सुचलं नाही. तिला गाठोड्यापाशी बसून एका क्षणात सुचलं.

तिनं गाठोड्याची गाठ सोडली. पातेली एकेक करून आईच्या फळीवर परत लावली, तवा कोनाड्यात ठेवला. बाहेरून आबांनी हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं, आणि मी उठून दुकानात गेलो.