पिंप्राळ्याची विमानविरोधी यंत्रणा

माझी फजिती ऐकायचीय? मग हातातला चहा आधी खाली ठेवा, अंगावर सांडेल. आणि मेहेरबानी करून हे आमच्या पोरीच्या, पल्लवीच्या सासरी पोचवू नका. तसं तिथं पोचवायचं काही उरलेलंच नाही म्हणा. ती माणसं त्या वेळी माझ्याच जिन्याखाली बसली होती!

मी मुळातच भित्रा. पालीला भितो, लवंगी फटाक्याला भितो. त्यात ते दिवस कसे होते, आठवतंय ना? सरहद्दीवर तणाव, आणि टीव्हीवर सकाळपासून नुसते सायरन. लोक म्हणायचे, "सर, कुठं सरहद्द आणि कुठं आपलं जळगावचं पिंप्राळा!" पण मी शाळेत इतिहास शिकवतो हो. मला कशाकशाची भीती वाटेल ते तुम्हाला नाही कळायचं.

मी वाचायला बसलो. विमानं पाडणाऱ्या तोफांचा अख्खा इतिहास! आधी शत्रूचे फुगे पाडायला तोफा निघाल्या. मग विमानं आली, मग रात्रीचं आभाळ शोधायला सर्चलाइट, मग रडार, मग क्षेपणास्त्रं, आता ड्रोन. वाचून धीर यावा की नाही? उलट दर पानाला कळायचं, तोफ सुधारली की विमान तिच्याहून सुधारतं.

आणि एका पानावर ते चित्र दिसलं. रडार निघण्याआधी सैनिक कानाला मोठाले कर्णे लावून आभाळ ऐकत बसायचे. विमान दिसायच्या आधी त्याची घरघर कळायची! म्हटलं, रडार काही आपल्याच्यानं होणार नाही, पण भोंगा?

मांडववाल्याच्या गोदामातून जुना भोंगा आणला. मागचं मशीन काढून ठिबक सिंचनाच्या दोन नळ्या बसवल्या. भोंगा गच्चीवर, मोडक्या पंख्याच्या स्टँडवर. नळ्या कानात टिकाव्यात म्हणून डोक्याला मफलर. मे महिना, जळगाव आणि मफलर!

"आज तरी ते सोंग काढा," आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाई कडाडल्या. "माणसं यायचीत!"

माणसं म्हणजे शिरपूरची, पल्लवीला बघायला. आमच्या पोरीला एकही मुलगा पसंत पडत नव्हता. हेही स्थळ गेलं तर सुनंदा अन्न गोड लागू देणार नाही, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलाचे वडील नाना, आई अक्का आणि मुलगा नीलेश. घरात उकाडा, म्हणून सगळे गच्चीवर बसलो. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आली. तेवढ्यात नानांचं भोंग्याकडे लक्ष गेलंच.

"मास्तर, हाई काय शे?"

झालं! मास्तरला असं विचारतात का कधी? मी फुग्यांपासून सुरू केलं ते थेट कर्ण्यांपर्यंत आलो. मफलर बांधला, नळ्या कानात घातल्या, म्हटलं, "बघा, आता चिमणी उडाली तरी..."

घूंऽऽऽऽ!

भोंगा पूर्वेला फिरवला. घूंऽऽ! पश्चिमेला फिरवला. घूंऽऽ! उत्तर, दक्षिण, सगळीकडे तेच, तितकंच मोठं. याचा अर्थ काय? तुम्हीच सांगा! मी तर एकच अर्थ काढला.

"नाना," मी कुजबुजलो, "चारी बाजूंनी येतायत."

नानांनी माझी डावी नळी ओढून आपल्या कानाला लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हाव रे बाप! माले बी आयकू ई राहयनं! चाला, बठ्ठा खाले चाला!"

"पळाऽऽ!" मी असा ओरडलो, की खालच्या भवरलालभाईंनी घाबरून दुकानाचं शटर ओढलं. धाडकन!

"पडना! बॉम्ब पडना!" शटरचा तो आवाज ऐकून नाना दोन-दोन पायऱ्या उतरत ओरडले. मी सुनंदाला पुढे लोटलं, अक्कांना लोटलं, आणि जिन्याखालच्या कोनाड्यात सगळे एकमेकांवर पडलो. नानांचा देवाचा धावा चाललेला. मला खरंच वाटलं, संपलं आता सगळं.

आणि घूंऽऽऽ! पहिल्यापेक्षा मोठ्यानं! चिडून!

"जिन्याखाली आलं!" मी किंचाळलो. "विमान जिन्याखाली आलं!"

अक्कांनी माझ्या मफलराकडे बोट केलं. "मास्तर, ती नळी काढा बरं कानमाईन."

उजवी नळी मफलरात तशीच, आणि तिच्या टोकाला भोंगा. पायऱ्यांवरून आपटत माझ्यामागं आलेला! अक्कांनी तो उचलला, उलटा केला आणि बुडावर एक चापट मारली. आतून काळाकुट्ट, अंगठ्याएवढा भुंगा निघाला, आमच्या डोक्यांवरून एक फेरी मारून बाहेर गेला.

भोंग्यात भुंगा! आणि मी त्याला चारी दिशांना शोधत होतो.

मग नाना सावकाश म्हणाले, "आन् पोर कोठे शे?"

मी बायको आणली होती, पाहुणे आणले होते, भोंगासुद्धा आणला होता. पल्लवी वरच! खरी भीती काय असते ते मला त्या क्षणी कळलं. धावत वर गेलो, तर पाण्याच्या टाकीजवळ पल्लवी आणि नीलेश निवांत चहा पीत उभे.

पाहुणे गेल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, मुलगा पसंत आहे."

"एवढ्यात? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुम्ही उतरा, मी मागून येतो. मी म्हटलं, काही नाही हो, बाबांच्या कानात काहीतरी गेलं असेल. तर म्हणाला, असेल, पण तुम्ही इथं असेपर्यंत मी नाही उतरणार. मग राहिलो दोघंही."

माझी छाती फुगली. "ऐकलंस सुनंदा? पोरीचं लग्न माझ्या यंत्रणेनं जमवलं!"

"यंत्रणेनं कसलं?" सुनंदा म्हणाली. "तुमच्या पळण्यानं!"