ठमाबाईंचं कच्चं दूध

सोनिवलीच्या भगवंत पाटलाने उभ्या संसारात बायकोच्या हातात कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. त्यांच्या घरात पुरुषांनी तसं करायची रीतच नव्हती.

ठमाबाईंना न्यूमोनिया झाला. जबर अँटिबायोटिक्सनी छाती मोकळी झाली, पण पोट बिघडलं. भात खाल्ला तरी जुलाब, पिशवीतलं दूध घेतलं की पोट फुगायचं. अंगावरचं लुगडं सैल पडायला लागलं.

त्यांचा मुलगा दिपेश आनंदनगरच्या कंपनीत सुपरवायझर. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. "बाबा, पिशवीतलं दूध जर्सी गायींचं, ए-वन प्रकारचं असतं. त्याच्याने पोटातले चांगले जंतू मरतात. देशी गायीचं ए-टू दूध पाहिजे. तेपण कच्चं. उकळलं की सगळं खलास."

भगवंतने गीर गाय आणली. संध्याकाळी स्वतः धार काढायचा आणि कोमट, फेसाळ दुधाचा पेला बायकोच्या ओठांना लावायचा.

"आवो, उकलून द्या ना," ठमाबाई पहिल्यांदा म्हणाल्या.

"दिपेश बोलला ना, असाच प्यायचा. पी तू."

त्या प्यायल्या. नवरा जवळ बसतो, तोंड पुसतो, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं. आणि खरंच, जुलाब थांबले. शेजारच्या विठाला त्या सांगायच्या, "मना आता बरा वाटतं. यांच्या हातचा गुण हाय."

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात पीळ पडायला लागले, दुपारपर्यंत शौचातून रक्त. आठवडाभर गावातच औषधं घेतली; उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नेलं, तोवर लघवी बंद झाली होती.

तपासण्या आल्यावर डॉक्टरीणबाईंनी बापलेकाला बाहेर बाकावर बसवलं.

"गाय कुठली, त्यानं पोटातल्या जंतूंवर थोडाफार फरक पडतही असेल. त्यावर अजून अभ्यास चालू आहे. पण कच्च्या दुधात शेणातले जंतू उतरू शकतात. आपल्या आतड्यातले चांगले जंतू अशांना सहसा टिकू देत नाहीत. आजींचे ते आधीच औषधांनी मेले होते. या जंतूंना मोकळं रान मिळालं. त्यांच्या विषाने आता किडन्या गेल्यात."

"उकलून दिला असता तर?" भगवंतने विचारलं.

बाई म्हणाल्या, "तर बहुतेक ही वेळ आली नसती."

डायलिसिस सुरू असतानाच ठमाबाई गेल्या.

दिपेश भिंतीला डोकं लावून रडत होता. "बाबा, मीच सांगितलं होतं."

"पाजला मी," भगवंत म्हणाला.

दिवसकार्य आटोपल्यावर गावात उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरमधले एक गृहस्थ बाटली घेऊन गोठ्याशी आले. मुलाला कच्चं ए-टू दूध सुरू करायचं होतं. भगवंतने काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. गृहस्थांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "वाईट झालं हो काका. पण आजी आधीच आजारी होत्या. आमचा मुलगा एकदम स्ट्राँग आहे."

"उकलून देनार असाल तर नेवा. नायतर नाय देनार."

गृहस्थ पलीकडच्या गोठ्यात गेले आणि भरलेली बाटली घेऊन बाहेर पडले.

भगवंत तसाच अनवाणी त्यांच्या मागे टॉवरच्या गेटपर्यंत गेला. वॉचमनने आडवा हात घातला. "फ्लॅट नंबर बोलो."

त्याला नंबर ठाऊक नव्हता, नावही नव्हतं. त्याने लिफ्टकडे वळलेल्या बाटलीवाल्या माणसाकडे बोट दाखवलं.

"उस बच्चे की माँ को बोलना, दूध उबाल के देना," भगवंत म्हणाला. "भूलना मत."

"हाँ हाँ, बोलेगा," म्हणत वॉचमनने मागून आलेल्या गाडीसाठी गेट उघडलं आणि भगवंतला बाजूला सरायला सांगितलं.