तान्हा पोळा आणि रिंग रोडपलीकडचं घर

परवा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमची रेवा हरवली होती. तासभर ती कुठे आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आज जरा सावरलेय, म्हणून लिहिते.

नागपूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगते... पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर जातात. लोक बैलाची पूजा करतात आणि मुलांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर थोडे पैसे. रेवाला दरवर्षी माझे बाबा, म्हणजे तिचे आबाजी घेऊन जायचे.

बाबा मार्चमध्ये गेले. म्हणून यंदा वर्षभर घरात सण नाही, बैल काढायचा नाही, असं मी तिला सकाळीच सांगून टाकलं. आठ वर्षांची पोर, थोडी रडली, मग गप्प झाली... आणि मला वाटलं, पटलं तिला.

साडेचारला बघते तर रेवा घरात नाही. कपाटावरचा बैलही नाही.

कॉलनीच्या मैदानात मुलांच्या बैलांची रांग लागली होती, सजावटीच्या बक्षिसांची नावं पुकारत होते. एकेका मुलीचं तोंड पाहत मी दोनदा फिरले. रेवा नव्हती. नवऱ्याला फोन केला, तो हिंगण्याहून कंपनीतून लगेच निघाला, पण त्या ट्रॅफिकमधून यायला त्याला तास तरी लागणार होता. आईला दारात बसवून मी एकटीच निघाले.

आता एक कबुली देते. बाबा दूध आणायला गेले की दुधाचं दही होईपर्यंत परतायचे नाहीत, वाटेत इतकी माणसं भेटायची त्यांना. आणि मी? समोरून ओळखीचं कुणी येताना दिसलं की फोन कानाला लावणारी. मानेवाड्यात जन्म गेला, पण चौथ्या घरात कोण राहतं ते सांगता यायचं नाही. त्या दिवशी मात्र दिसेल ती बेल दाबत सुटले.

"आली होती वं, बैल घेऊन! मले वाटलं तू मागून येऊन राहिली," कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. किराणावाल्या दादांनी तिला चॉकलेट दिलं होतं. एकटी काहून फिरते, असं विचारलं तर म्हणाली, आबाजीचं काम आहे. आणि गेली... रिंग रोडकडे.

रिंग रोड! तिथे ट्रक कसे धावतात ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मी पळत सुटले, चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. खरं सांगते, डोळे रस्त्यावर काय पडलंय तेच शोधत होते.

वळणावर भाजीवाली मावशी बसते. माझा अवतार बघून तीच ओरडली, "रडू नको वं बाई! मीच हात धरून रोड पार करून देला तिले. आबाजीच्या दोस्ताकडे जातो म्हणे. तो निळा गेट दिसते ना, तिथंच!"

निळं गेट उघडंच होतं. आत बाजेवर एक वयस्कर गृहस्थ उशीला टेकून बसलेले, अंगात घडीचा नवा सदरा, डावा हात लुळा. शेजारी स्टुलावर रेवा. मांडीवर बैल, आणि समोरच्या करंजीला हातही लावलेला नाही.

झापड मारायला उचललेला माझा हात तिथेच राहिला. कारण त्यांच्या बायकोने हसून माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "ये वं बाई, बस. आन् भाऊ कुठं राहिले, हिचे आबाजी? पोरगी म्हणे मागून येऊन राहिले."

हे बाबांचे हिंगण्याच्या कारखान्यातले सोबती. पाच वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून घराबाहेर नाहीत. म्हणून बाबा दर तान्ह्या पोळ्याला रेवाला आणि बैलाला घेऊन त्यांच्याकडे यायचे... आम्हाला वाटायचं, कॉलनीतच गप्पा मारत बसले असतील. "सहा महिन्यांपासून त्याचा फोन बंद सांगते," ते अडखळत म्हणाले. "मी हिले म्हटलं, आज येईनच तो. चुकत नाही."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आम्ही झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, पण बाबांची ही माणसं आम्हाला ठाऊकच नव्हती. रेवाला ठाऊक होती. ती सांगायलाच आली होती, आणि तो नवा सदरा बघून तिला सांगवेना.

ती माझ्याकडे बघत होती. मी बाजेच्या कडेवर बसले, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि सांगितलं. मार्चमध्ये तीसेक जणांना फोनवर सांगितलं होतं, एकदाही आवाज हलला नव्हता. त्या अनोळखी घरात मात्र मला ते एक वाक्य पुरं करता येईना.

त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग विचारलं, "त्रास झाला का त्याले?"

"नाही... झोपेतच."

त्यांनी मान हलवली. बायकोला म्हणाले, "बैलाले हळदकुंकू लाव. लेकरू केव्हाचं बसून आहे." तेव्हा कुठे रेवा हुंदके देऊन रडायला लागली.

बाबांचा फोन काल मी चार्ज करून सुरू केला. त्यात नावं आहेत ती अशी... पंक्चरवाला रामटेक, बसमधले काका, मिरचीवाला खापा. यातलं कोण कोण अजून वाट बघतंय, मला माहीत नाही. कालपासून एकेकाला फोन करतेय.

यातलं कुणी हे वाचत असेल, तर माफ करा, तुम्हाला कळवायला उशीर झाला. आमचे बाबा गेले.